गुग्गुळ आणि स्टॅटिन : एका जुन्या तुलनेचा फेरविचार

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, रोहिणीत स्टेंट बसविलेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो तेव्हा त्याच्या हाती औषधांची एक पिशवी असते. तीत रक्तात गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या असतात, रक्तदाबाची एखादी असते आणि बहुधा रात्री घ्यावयाची अ‍ॅटॉर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन असते. नाडीपरीक्षा आटोपली, पथ्यपाणी विचारून झाले की तो ती पिशवी पुढे करतो आणि आवाज थोडा खाली आणून विचारतो, "वैद्यराज, यातली कोलेस्टेरॉलची गोळी तेवढी बंद करता येईल का? आयुष्यभर घ्यावी लागेल म्हणतात."

या प्रश्नाला काही वर्षांपूर्वी आम्ही "करू या" असे उत्तर दिले होते. रुग्ण निवृत्त शिक्षक, वय साठीच्या पुढचे, अँजिओप्लास्टी होऊन सहा महिने झालेले. गोळी सुरू झाल्यापासून पिंढऱ्या दुखतात अशी त्यांची तक्रार होती. आम्ही गोळी थांबवून नवक गुग्गुळ आणि आरोग्यवर्धिनी सुरू केली, दिवसा झोपणे बंद केले, सकाळचे चालणे लावून दिले. तीन महिन्यांत वजन उतरले, पोट हलके झाले, गुरुजी प्रसन्न. मात्र रक्ततपासणीत आधी ७४ असलेले एलडीएल १४१ वर गेले होते. कोणतीही आपत्ती ओढवली नाही, हे दैव. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा आम्हांस दूरध्वनी आला. ते रागावले नाहीत, त्यांनी एवढेच विचारले, "आपल्या औषधाने एलडीएल साधारण किती टक्के उतरते, याचा आपल्याकडे काही अंदाज आहे का?"

आमच्याकडे तो नव्हता. व्याख्यानांतून आणि लेखांतून "गुग्गुळ हे कोलेस्टेरॉलवरील आयुर्वेदाचे उत्तर आहे" असे आम्ही अनेकदा म्हटले होते. पण टक्का ठाऊक नव्हता. त्या दूरध्वनीनंतर जे वाचले, पडताळले आणि काही बाबतींत निमूटपणे स्वीकारले, ते व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत.

स्टॅटिन नेमके काय करते

प्रारंभी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. स्टॅटिन रक्तातील चरबी विरघळवते, रोहिणीत साचलेले धुऊन काढते, अशी समजूत रुग्णांत आहे आणि आपल्या वर्गातही ती पुष्कळ आढळते. वस्तुतः तिचे कार्यस्थान यकृत होय. यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या मालिकेत एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम नाक्यावर बसलेले असते. स्टॅटिन ते अडविते. पेशीला कोलेस्टेरॉलची चणचण भासू लागते, आणि ती भरून काढण्यासाठी ती आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारी ग्राहके वाढविते. ही ग्राहके रक्तातील एलडीएल ओढून आत घेतात. म्हणजे औषधाचा मोठा लाभ उत्पादन घटल्याने जितका होतो त्याहून अधिक, यकृताची उचलण्याची शक्ती वाढल्याने होतो. एलडीएलच्या ग्राहकांचे हे रहस्य उलगडणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्रणेतून दोन गोष्टी ओघाने येतात. पहिली अशी की या गोळीचा 'कोर्स' नसतो. गोळी थांबली की एन्झाइम मोकळे होते, ग्राहके घटतात आणि काही आठवड्यांत एलडीएल पूर्वपदावर जाते. आमच्या गुरुजींच्या बाबतीत हेच घडले. नवक गुग्गुळाने त्यांचे एलडीएल 'वाढविले' असे म्हणता येणार नाही, त्याने ते वाढणे रोखले नाही एवढे खरे. दुसरी गोष्ट मात्रेची. मात्रा दुप्पट केली म्हणजे परिणाम दुप्पट होत नाही. प्रत्येक दुपटीमागे एलडीएल सुमारे सहा टक्के अधिक उतरते. म्हणून तीव्र मात्रेवरील रुग्णाची गोळी निम्मी करणे आणि ती बंद करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मात्रा कमी करण्याचा निर्णय देखील मूळ चिकित्सकानेच घ्यावा. पण रुग्ण त्रासला असेल तर त्यांच्याशी बोलून हा मार्ग सुचविता येतो, हे आपणांस ठाऊक असावे.

गोळी रात्रीच का, असेही रुग्ण विचारतात. शरीरात कोलेस्टेरॉलची घडण रात्री अधिक होते. सिम्वास्टॅटिन व लोवास्टॅटिन यांचा अंमल अल्पकाळ टिकतो, म्हणून त्या सायंकाळी किंवा रात्री देतात. अ‍ॅटॉर्वास्टॅटिन व रोसुवास्टॅटिन दीर्घकाळ टिकतात. त्या कोणत्याही ठराविक वेळी घेतल्या तरी चालते.

हे औषध आले कोठून, तेही सांगण्याजोगे आहे, कारण 'केमिकल' या एका शब्दात ते उडवून लावण्याची आपल्याकडे रीत आहे. जपानमधील अकिरा एंडो यांनी सहा हजारांवर बुरशी व सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ मध्ये क्योटोच्या एका धान्यदुकानातील तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीतून पहिले स्टॅटिन, कॉम्पॅक्टिन, वेगळे केले. पुढे लोवास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. ही द्रव्ये सृष्टीतूनच आली. औषधाचे मूळ नैसर्गिक असल्याने ते निरुपद्रवी ठरत नाही, आणि कारखान्यात तयार झाल्याने ते विषारी ठरत नाही.

तरीही रक्तातील आकडा उतरणे आणि माणूस वाचणे या भिन्न गोष्टी आहेत. त्या दोहोंचा सांधा १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन पाहणीने जोडला. हृदयरोग असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्वास्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांत निष्क्रिय गोळीच्या गटात २५६ आणि औषधाच्या गटात १८२ मृत्यू झाले. हा फरक चौऱ्याहत्तर माणसांचा आहे. पुढील अनेक पाहण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसते की एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदय व मेंदूच्या मोठ्या आघातांचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटते.

सुश्रुतापासून लखनौपर्यंत

आता गुग्गुळाकडे वळू. येथे अभिमानाला जागा आहे, आणि तो योग्य ठिकाणी बाळगावा.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात स्थौल्याचे जे वर्णन आहे ते वाचक जाणतातच : कफकर आहार, अध्यशन, व्यायामाचा अभाव, दिवास्वाप, त्यातून मेदाची अतिवृद्धी आणि त्याने मार्ग अडल्यामुळे इतर धातूंचे अपोषण. डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी हे वर्णन आणि आधुनिक वैद्यकातील रोहिणीकाठिण्याची मीमांसा शेजारी ठेवून पाहिली व १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळावर प्रबंध सादर केला. कोलेस्टेरॉल चारून ज्यांच्या रक्तात ते वाढविले होते अशा सशांत गुग्गुळाने ते उतरले, असे त्यांना आढळले. द्वारकानाथ व त्रिपाठी यांच्यासह त्यांनी ते निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत हे काम पुढे गेले. कच्च्या गुग्गुळाने पोट बिघडते, अंगावर पुरळ येते, म्हणून इथिल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळणारा अंश वेगळा काढण्यात आला. त्यात ई आणि झेड ही गुग्गुलस्टेरॉन द्रव्ये असतात. हा अंश 'गुगुलिपिड' या नावाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात औषध म्हणून आला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत २०५ रुग्णांपैकी ७० ते ८० टक्क्यांना गुण आला, आणि अशांत कोलेस्टेरॉल सरासरी सुमारे २४ टक्के उतरले. १९९४ मध्ये ६१ रुग्णांवर आहारनियमनासह चोवीस आठवडे केलेल्या चाचणीत एलडीएल १२.५ टक्के उतरले.

२००२ मध्ये आणखी एक उमेद वाढविणारी वार्ता आली. ह्यूस्टन येथील संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखविले की गुग्गुलस्टेरॉन यकृतातील एफएक्सआर या पित्ताम्लांच्या ग्राहकाला अडविते. ज्या उंदरांत हे ग्राहक नव्हते त्यांच्यात गुग्गुलस्टेरॉनचा परिणाम दिसला नाही. म्हणजे स्टॅटिनहून सर्वस्वी निराळी वाट सापडली, असे वाटले. त्या काळात आपल्या परिषदांतून 'सायन्स'मधील त्या लेखाचा उल्लेख झाला नाही असे व्याख्यान विरळा.

त्याच्या पुढच्याच वर्षीच्या वार्तेचा उल्लेख मात्र कोणी केला नाही, आम्हीही नाही. २००३ मध्ये 'जामा' या नियतकालिकात अमेरिकेतील चाचणी प्रसिद्ध झाली. १०३ प्रौढांना आठ आठवडे दिवसातून तीन वेळा एक किंवा दोन ग्रॅम गुगुलिपिड किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. निष्क्रिय गोळीच्या गटात एलडीएल पाच टक्के उतरले. गुगुलिपिडच्या दोन्ही गटांत ते चार-पाच टक्के वाढले. सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले. ते सर्व गुगुलिपिड घेणारेच होते. २००९ मध्ये नॉर्वेतील ४३ जणांच्या बारा आठवड्यांच्या चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल किंचित उतरले, परंतु एलडीएल व ट्रायग्लिसराइडमध्ये फरक पडला नाही, आणि हितकर मानले जाणारे एचडीएलही घटले.

मग आपले चुकते कोठे?

आपल्याकडील पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : त्यांनी शास्त्रोक्त गुग्गुळ वापरलाच नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. भावप्रकाशकार नवा गुग्गुळ बृंहण आणि जुना गुग्गुळ अतिलेखन सांगतात. एकाच द्रव्याचे वयानुसार दोन विरुद्ध गुणधर्म! मेदोरोगात आपल्याला लेखन हवे आहे, आणि चाचणीतील गुग्गुळ कोणत्या सालचा होता याची नोंद कोणीही ठेवीत नाही. ना परदेशात, ना आपल्या चाचण्यांत. शोधनाचेही तसेच. त्रिफळा क्वाथात किंवा गोमूत्रात शोधलेला गुग्गुळ आणि द्रावकाने काढलेला अंश एक नव्हेत. शिवाय सुश्रुताने त्याच अध्यायात गुग्गुळ एकटा सांगितलेला नाही. शिलाजतू, गोमूत्र, त्रिफळा यांच्या जोडीने जव, मूग, हरीक, सावा यांचा आहार, व्यायाम आणि लेखनबस्ती असा पूर्ण बेत मांडला आहे. १९९४ च्या चाचणीत आहारनियमन होते आणि एलडीएल उतरले, याची येथे आठवण होते. अर्थात त्या चाचणीत दोन्ही गटांना आहार सारखाच होता, हेही सांगितले पाहिजे.

परंतु याच युक्तिवादाची दुसरी बाजू पाहावी. गुगुलिपिडच्या यशाचे आकडे आपण आपल्या नवक गुग्गुळाच्या जाहिरातीत वापरतो, आणि त्याच गुगुलिपिडच्या अपयशाचे आकडे आले की "ते आमचे औषधच नव्हे" म्हणतो. दोन्ही एकदम म्हणता येत नाही. जुना, शोधित गुग्गुळ योग्य आहारासह दिल्यास एलडीएल किती उतरते याची चाचणी आपणच करावयास हवी होती. ती मोठ्या प्रमाणावर आणि दीर्घकाळ झालेली नाही. आणि गुग्गुळाने हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू टळतात असे दाखविणारी स्कँडिनेव्हियन पाहणीसारखी एकही पाहणी उपलब्ध नाही. म्हणून ज्याला झटका येऊन गेला आहे, स्टेंट किंवा बायपास झाला आहे, त्याची स्टॅटिन थांबवून त्या जागी गुग्गुळ देणे आम्ही आता अयोग्य मानतो. स्थौल्य, संधिशूल, आमवात, केवळ आहारविहाराने सुधारू शकेल अशी सीमेवरची मेदवृद्धी, येथे गुग्गुळाचे क्षेत्र मोठे आहे, आणि ते कोणी हिरावून घेतलेले नाही.

एलडीएल म्हणजे आम, स्टॅटिन म्हणजे लेखन, अशी सोपी समीकरणे आम्हीही फळ्यावर लिहिली आहेत. ती विद्यार्थ्यांना आवडतात. रुग्णाच्या औषधयोजनेत मात्र ती फसवितात.

दोन्ही औषधे एकत्र असताना

पुष्कळ रुग्ण आपल्याला न सांगता दोन्ही घेतातच. म्हणून हा भाग अधिक काळजीपूर्वक वाचावा, अशी विनंती आहे.

सिम्वास्टॅटिन, लोवास्टॅटिन आणि अ‍ॅटॉर्वास्टॅटिन यांचे विघटन मुख्यत्वे यकृत व आतड्यातील सीवायपी३ए४ या एन्झाइमकडून होते. ते एन्झाइम दबले तर रक्तातील स्टॅटिन वाढते आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल यांच्यासह या गोळ्या म्हणूनच टाळतात. उलट ते उत्तेजित झाले तर स्टॅटिन लवकर निघून जाते आणि तिचा प्रभाव घटतो. रोसुवास्टॅटिन व प्राव्हास्टॅटिन या वाटेवर फारशा अवलंबून नाहीत.

प्रयोगशाळेत गुग्गुलस्टेरॉन पीएक्सआर या ग्राहकामार्फत सीवायपी३ए वर्गातील एन्झाइम वाढविते असे आढळले आहे. गुगुलिपिडच्या एका मात्रेनंतर निरोगी व्यक्तींत डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल यांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे १९९४ मध्येच भारतात नोंदविले गेले होते. हृदयरोग्यासाठी ही दोन्ही नेहमीची औषधे. तरी या नोंदीची चर्चा आमच्या पाहण्यात क्वचितच आली.

आता नवक गुग्गुळ पाहा. त्यात गुग्गुळाबरोबर त्रिकटू आहे. मिरी व पिंपळीतील पायपेरिन सीवायपी३ए४ दाबते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. क्षयावरील रिफाम्पिसिनची मात्रा कमी करता यावी म्हणून जम्मूच्या प्रयोगशाळेने पायपेरिनचा उपयोग केला, तो पायपेरिनच्या औषधशोषण वाढविण्याच्या गुणावरच. म्हणजे एकाच वटीत एक द्रव्य स्टॅटिन घटविण्याच्या दिशेने आणि दुसरे वाढविण्याच्या दिशेने ओढू शकते. प्रत्यक्ष रुग्णात कोणाचे पारडे जड होईल, हे आधी वर्तविता येत नाही. अशा वेळी आम्ही सध्या इतकेच करतो : सिम्वास्टॅटिन वा अ‍ॅटॉर्वास्टॅटिन चालू असलेल्या रुग्णास त्रिकटुयुक्त योग दीर्घकाळ देत नाही, गुग्गुळकल्प द्यावयाचाच झाला तर सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड तपासणी पुन्हा करवितो, आणि स्नायू दुखणे, अशक्तपणा, काळसर लघवी यांपैकी काही जाणवल्यास दोन्ही औषधे थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जावयास सांगतो. काळसर लघवी हे स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार पडत असल्याचे चिन्ह असू शकते. केवळ गुग्गुळाच्या अर्काने असे झाल्याची नोंदही २००४ मध्ये इटलीतून आलेली आहे. ती एकाच रुग्णाची असली तरी, "आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" हे वाक्य त्यानंतर आम्ही उच्चारलेले नाही.

पिंढऱ्यांच्या दुखण्याविषयी एक खुलासा. दुखणे म्हणजे स्टॅटिनच, असे गृहीत धरू नये. लंडनमध्ये २०२० मध्ये झालेल्या एका चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने निष्क्रिय गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले गेले. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे नव्वद टक्के त्रास निष्क्रिय गोळीवरही जाणवला. रुग्ण खोटे बोलत नव्हते, भीतीही दुखते. तेव्हा क्रिएटिन कायनेज तपासून घ्यावे, ड जीवनसत्त्व पाहावे, आणि टीएसएच विसरू नये. अवटु ग्रंथी मंदावली असेल तर कोलेस्टेरॉलही वाढते आणि स्टॅटिनने स्नायूही अधिक दुखतात. गुग्गुलस्टेरॉन प्राण्यांत ही ग्रंथी उत्तेजित करते असे भारतीय संशोधनात आढळले आहे. म्हणून थायरॉक्सिनवर असलेल्या रुग्णास गुग्गुळ देताना टीएसएचवर लक्ष हवे.

औषधालयांच्या चालकांसाठी

गुग्गुळाचे झाड कच्छ, राजस्थान आणि सिंधच्या रुक्ष भूमीत वाढते. ते हळू वाढते. डिंक देण्याजोगे व्हावयास आठ-दहा वर्षे लागतात. अधिक डिंक मिळावा म्हणून खोल खाचा पाडून त्यांत दाहक लेप भरण्याची प्रथा पडली, आणि अशी झाडे डिंक देऊन वाळून जातात. आज आययूसीएनच्या यादीत हे झाड अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे. टंचाईमुळे बाजारात येणाऱ्या मालात साल, वाळू, सालईचा डिंक, इतर जातींचे निर्यास मिसळलेले असतात. तेव्हा दोष चिकित्सेचा की मालाचा, हे वैद्याला कसे कळावे? खरेदी करताना गोळा केल्याचे ठिकाण आणि साल विचारावे, पोत्यावर ते लिहून ठेवावे, आणि शक्य असेल तेथे गुग्गुलस्टेरॉनचे प्रमाण तपासून घ्यावे. जुन्या गुग्गुळाचा गुण ग्रंथात आहे. पण तो देता यावयाचा तर आधी साल माहीत असावयास हवे.

दुसरी सूचना 'रेड यीस्ट राइस' विषयी. तांदळावर एक विशिष्ट बुरशी वाढवून केलेले हे द्रव्य 'नैसर्गिक' म्हणून विकले जाते. त्यातील मोनॅकोलिन के आणि लोवास्टॅटिन हा एकच रेणू आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये त्याची दैनिक मात्रा तीन मिलिग्रॅमच्या आत राहील असे बंधन घातले. ज्याची स्टॅटिन आधीच चालू आहे अशा गिऱ्हाइकास हे पुडके देणे म्हणजे त्याला न सांगता दुसरी स्टॅटिन देणे होय.

गुरुजींची गोळी त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झाली. हृदयरोगतज्ज्ञांनी तिचा प्रकार बदलून रोसुवास्टॅटिन दिली, आम्ही अभ्यंग, चालणे आणि जव-मुगाचा आहार चालू ठेवला. टीएसएच तपासले तेव्हा ते वाढलेले निघाले. पिंढऱ्यांचा बराचसा हिशेब तेथे होता. आमच्या केसपेपरवर तेव्हापासून एक जादा रकाना आहे. त्यात चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव, मात्रा आणि वेळ, त्याखाली एलडीएल व टीएसएच, आणि गुग्गुळकल्प दिला असेल तर गुग्गुळ कोणत्या सालचा, हे लिहिले जाते. शेवटची जागा अजून बहुतेक वेळा कोरी राहते.